तिरुवल्लिकेणीचा लॉज आणि कर्नाटकातली रणांगणे

चेन्नईत मुक्काम ठेवला तर दीड-पावणेदोनशे किलोमीटरच्या टप्प्यात निदान दहा रणांगणे पाहता येतात. अड्यार, पुल्ललूर, वांदवासी, अर्काट, कावेरीपाक, वेल्लोर, जिंजी ही नावे मराठी वाचकाला कुठे ना कुठे भेटलेली असतात. जुन्या मराठी कागदपत्रांत ज्याला 'कर्नाटक' म्हटले आहे, तो मुलूख हाच. यांतली बरीचशी रणांगणे आज एक तर शहराखाली गेली आहेत, नाही तर भातखाचरांत आहेत. तिथे तिकीटघर नाही, माहिती देणारा माणूस नाही, राहण्याची सोय तर नाहीच. म्हणून ती पाहायची म्हणजे एका ठिकाणी सामान ठेवायचे, पहाटे निघायचे आणि रात्री परत यायचे, असाच प्रवास होतो. त्यासाठी चेन्नईत सर्वांत सोयीची जागा म्हणजे एखाद्या कुटुंबाने चालवलेला जुना लॉज.

शब्दांचा घोळ आधीच मिटवलेला बरा. तमिळनाडूत 'होटल' म्हणजे खाण्याची जागा. मराठीतही 'हॉटेलात जाऊ' म्हटले की आधी चहा-भजीच आठवतात, त्यामुळे आपल्या माणसाला याचे नवल वाटत नाही. राहायचे ते लॉजमध्ये. आपण जिला खानावळ म्हणतो ती तिकडे 'मेस'. आणि 'मॅन्शन' हा शब्द ऐकून कोणी राजवाडा डोळ्यांसमोर आणू नये. नोकरीसाठी किंवा परीक्षेच्या तयारीसाठी आलेल्या एकट्या पुरुषांना महिन्याच्या भाड्याने खोल्या देणाऱ्या चार-पाच मजली इमारतींना तिकडे मॅन्शन म्हणतात. या सगळ्यांची दाटी तिरुवल्लिकेणी भागात आहे. इंग्रजांनी त्याचे ट्रिप्लिकेन केले. एका बाजूला पार्थसारथीचे देऊळ, दुसऱ्या बाजूला १७९५ सालची वालाजाह मशीद, आणि पूर्वेला दहा-पंधरा मिनिटे चालले की मरीना.

काउंटरवर बसलेले घर

अशा लॉजचा सगळा कारभार एका लाकडी काउंटरवर चालतो. मागच्या भिंतीवर हार घातलेली संस्थापकाची तसबीर असते. शेजारी रोज एक पान फाडायचे तमिळ कॅलेंडर, त्यावर तारखेखाली राहुकाल आणि यमगंडाच्या वेळा छापलेल्या. रात्री वडील बसतात, दिवसा मुलगा, दुपारच्या वेळी सून किंवा पुतण्या. पाहुणा आला की जाड नोंदवही पुढे सरकते. कुठून आलात, कुठे जाणार, कशासाठी, असे रकाने भरायचे आणि आधारकार्डाची प्रत द्यायची. 'कशासाठी' या रकान्यात बहुतेक पाहुणे इस्पितळ, लग्न, परीक्षा किंवा व्यापार लिहितात. कुणी 'लढायांच्या जागा पाहण्यासाठी' असे लिहिले, तर काउंटरवरचा माणूस मान वर करून बघतो आणि मग बोलणे सुरू होते.

हे बोलणेच पुढे उपयोगी पडते. पुल्ललूरला कांचीपुरमहून जावे की पेरंबाक्कमकडून, वांदवासीची बस चेंगलपट्टूला बदलावी का, जिंजीला रविवारी किती गर्दी असते, हे नकाशावर कळत नाही. ते कळते त्या घराच्या गोतावळ्यात. मालकाचा मेहुणा तिंडीवनमचा असतो, खोल्या झाडणारी बाई वांदवासीकडची असते, खालच्या मेसचा स्वयंपाकी कांचीचा. दोन फोन होतात आणि गावातला एखादा रिक्षावाला ठरतो. मोठ्या साखळी हॉटेलात स्वागतकक्षावरची मंडळी अदबीने वागतात, पण त्यांच्या हाती भाड्याच्या मोटारींचे दरपत्रक असते. गावात त्यांचे कोणी नसते.

सोयी बेताच्याच. अंघोळीचे गरम पाणी सकाळी ठरावीक वेळेत. बऱ्याच ठिकाणी चोवीस तासांचा हिशेब असतो, म्हणजे ज्या वेळी खोली घेतली त्याच वेळी सोडायची. पहाटे निघणाऱ्याला तो फायद्याचा पडतो. इडली आणि पोंगल सहाच्या सुमारास तयार होतात, डवरा-टंबलरमधली कॉफी त्याच्याही आधी. पाणी जपून वापरावे ही विनंती मनावर घ्यावी. २०१९च्या उन्हाळ्यात चेन्नईचे तलाव कोरडे पडले तेव्हा कित्येक लॉज आणि मेस टँकरवर तगल्या होत्या, काहींना खोल्याही बंद ठेवाव्या लागल्या.

वाटसरूची सोय आणि युद्धाचा दुष्काळ

परक्या वाटसरूला ठेवून घेण्याची इथली रीत लॉजपेक्षा फार जुनी आहे. देवळांच्या वाटेवर राजे, सावकार आणि जातींच्या संस्था छत्रे बांधत. छत्र म्हणजे आपली धर्मशाळा, जेवणासकट. इंग्रजांच्या तोंडी त्याचे 'चोल्ट्री' झाले. तंजावरच्या भोसल्यांनी रामेश्वराच्या वाटेवर अशी छत्रे उभी केली आणि राण्यांच्या नावाने चालवली.

मद्रासमधले एक छत्र तर थेट युद्धातून उभे राहिले. १७८० साली हैदर अली कर्नाटकात उतरला. त्याच्या घोडदळाने मद्रासभोवतीचा मुलूख जाळला, पिके उभी राहिली नाहीत, तळी फुटली आणि माणसे अन्नासाठी शहराकडे लोटली. त्यांच्यासाठी १७८२ मध्ये जे अन्नछत्र सुरू झाले ते 'मणेगार चोल्ट्री' म्हणून ओळखले जाते. मणियक्कारर म्हणजे गावचा पाटील. पुढे तिथे रुग्णसेवा सुरू झाली आणि आजच्या स्टॅन्ले इस्पितळाचे मूळ त्यात सापडते. रणांगण पाहायला निघालेल्याने ही जागाही पाहावी. युद्ध लढले त्यांची नावे शिलालेखांवर मिळतात, उपाशी राहिले त्यांची खूण एवढीच.

पैसे देऊन राहण्याची, घरगुती वळणाची शाकाहारी हॉटेले मद्रासला दिली ती उडुपीकडच्या मंडळींनी. के. कृष्ण राव हे त्यांतले ठळक नाव. स्वयंपाकघरातल्या पडेल त्या कामापासून सुरुवात करून त्यांनी १९३८ साली रॉयपेट्टा भागात रामनादच्या राजांच्या बंगल्यात 'वुडलँड्स' उघडले. नंतरचे 'न्यू वुडलँड्स' मैलापूरच्या बाजूला आजही चालू आहे. स्वच्छ खोली, खाली केळीच्या पानावर जेवण आणि गल्ल्यावर घरचे माणूस हा घाट तिथून रुळला. तिरुवल्लिकेणीतले छोटे लॉज त्याच घाटाचे, फक्त खिशाला परवडणारे.

शहराखालचे रणांगण

पहिला दिवस शहरातच घालवावा. मुक्कामाच्या दक्षिणेला तासाभराच्या वाटेवर अड्यार नदीचे मुख आहे. सप्टेंबर १७४६ मध्ये फ्रेंचांनी इंग्रजांचा सेंट जॉर्ज किल्ला घेतला. तो अर्काटच्या नवाबाला देण्याचे पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर दुप्ले याचे बोलणे झाले होते, पण किल्ला काही मिळेना. नवाब अन्वरुद्दीनने मुलगा महफूजखान याला सुमारे दहा हजारांची फौज देऊन धाडले. पाँडिचेरीहून कॅप्टन पारादी काही शे फ्रेंच आणि सातशेच्या आसपास देशी शिपाई घेऊन किनाऱ्याने वर आला. ऑक्टोबरच्या अखेरीस तो समोरच्या गोळीबारात नदी ओलांडून उत्तर काठावर चढला आणि ओळीने बंदुका झाडत चालून गेला. नवाबाचे सैन्य साँ-तोमेच्या गल्ल्यांत हटले आणि तिथे मोडले.

ही लढाई काही तासांची. तिचा परिणाम पुढची शंभर वर्षे टिकला. कवायती पायदळ असले तर दहापट फौजही थोपवता येते, हे दोन्ही युरोपी कंपन्यांना त्या दिवशी उमगले. पुण्यात महादजींच्या काळापर्यंत ज्या कवायती 'कंपू'ची चर्चा चालली त्याचे पहिले प्रात्यक्षिक या वाळूवर झाले, असे म्हणायला हरकत नाही. आज तिथे क्विबल आयलंडचे ख्रिस्ती स्मशान, एम.आर.सी. नगरच्या उंच इमारती आणि फोरशोर इस्टेटची वसाहत आहे. बेझंट नगरच्या बाजूने पडक्या पुलाजवळच्या वाळूवर उभे राहिले की पारादीला दिसला असेल तसा उत्तर काठ समोर येतो. नदी उथळ असली की माणसे जाळी घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरलेली दिसतात. फौज कशी उतरली असेल हे तेव्हा कळते.

सेंट जॉर्ज किल्ल्यात आता राज्याचे सचिवालय आहे, त्यामुळे दारावर झडती होते. आतले संग्रहालय शुक्रवारी बंद असते. दिसणारा तट बहुतेक नंतरचा आहे. डिसेंबर १७५८ पासून फेब्रुवारी १७५९ पर्यंत फ्रेंच सेनापती लाली याने इथे वेढा घातला होता. इंग्रजी जहाजे क्षितिजावर दिसली तेव्हा तो उठला. वेढ्यात फ्रेंचांना लगतच्या 'ब्लॅक टाउन' या देशी लोकांच्या वस्तीतल्या घरांचा आडोसा मिळाला होता, म्हणून इंग्रजांनी पुढे किल्ल्यासमोरची घरे पाडून मैदान मोकळे केले. या हद्दीत कोणी घर बांधू नये म्हणून १७७३ मध्ये सहा खुणेचे स्तंभ रोवले. त्यांतला एक पॅरिज कॉर्नरला डेअर हाउसच्या आवारात उरला आहे. फेरीवाले, बसगाड्या आणि वकिलांच्या गर्दीत तो सहज नजरेतून सुटतो. समोरचे उच्च न्यायालय त्याच मोकळ्या केलेल्या जमिनीवर उभे आहे. पश्चिमेला वॉल टॅक्स रोड हे नाव हैदरच्या भीतीने बांधलेल्या तटाची आठवण सांगते, आणि रॉयपुरमच्या बाजूला त्या तटाचा एक तुकडा बाग म्हणून राखलेला आहे.

तिथून जवळच तंबू चेट्टी रस्त्यावर काळिकांबाळचे देऊळ लागते. ३ ऑक्टोबर १६७७ रोजी शिवाजी महाराजांनी इथे दर्शन घेतले, असे देवळाची परंपरा सांगते. मराठी माणसाचे पाय इथे आपोआप थांबतात. इंग्रजांच्या दप्तरातली नोंद त्याच वर्षीच्या मे महिन्याची आहे. दक्षिण दिग्विजयाच्या वाटेवर महाराजांनी मद्रासच्या गव्हर्नराकडे माणूस पाठवून विषावरचे उतारे आणि औषधी खडे मागवले, आणि गव्हर्नर लँगहॉर्नने ते भेट म्हणून दिले. तटाबाहेर कोणाची फौज आहे हे इंग्रज पुरते ओळखून होते. दोन्ही गोष्टी ठाऊक असाव्यात. श्रद्धा आणि दप्तर यांची गल्लत केली नाही तर दोघांचाही मान राहतो.

भातखाचरातले दोन स्तंभ

कांचीपुरमहून पंधराएक किलोमीटरवर पुल्ललूर आहे. या एका गावाने दोन काळांतली युद्धे पाहिली. सातव्या शतकात बदामीचा दुसरा पुलकेशी इथवर आला. महेंद्रवर्मा पल्लवाने पुल्ललूरला शत्रूंना हरवले असे पल्लवांचे ताम्रपट म्हणतात, तर ऐहोळेचा ६३४ सालचा शिलालेख पल्लवांना कांचीच्या तटाआड दडायला लावल्याचे सांगतो. तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख असलेला शिलालेख तो हाच, त्यामुळे मराठी वाचकाला परका नाही. पुढे महेंद्रवर्म्याचा मुलगा नरसिंहवर्मा याने तांबरमच्या पश्चिमेला मणिमंगलम येथे पुलकेशीला हरवले आणि थेट बदामीपर्यंत धडक मारली.

दुसरे युद्ध १० सप्टेंबर १७८० चे. इंग्रजांचा कर्नल बेली साडेतीन-पावणेचार हजारांची तुकडी घेऊन कांचीतल्या इंग्रज सेनापती मन्रोला मिळायला निघाला होता. हैदर आणि टिपूने त्याला पुल्ललूरजवळ गाठले. दारूच्या गाड्यांचा स्फोट झाला, शिपायांनी धरलेला चौकोन फुटला आणि तुकडी संपली. बेली कैदेत श्रीरंगपट्टणला गेला आणि तिथेच मेला. काही कोसांवरचा मन्रो तोफांचा आवाज ऐकत होता. तो मदतीला आला नाही, जड तोफा कांचीच्या देवळाच्या तळ्यात टाकून मद्रासकडे निघून गेला. श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेतले मोठे भित्तिचित्र या विजयाचे आहे.

गावाबाहेर शेतात दोन दगडी स्तंभ आहेत. पाहुणे ते बेलीचे समजतात. ते आहेत कर्नल ब्राउन आणि कॅप्टन हिस्लॉप या अधिकाऱ्यांचे, आणि ते पडले वर्षभराने, ऑगस्ट १७८१ मध्ये इंग्रज सेनापती आयर कूटने याच जागी दिलेल्या लढाईत. चहूकडे भात, बांधावर ताडाची झाडे, एखादी मोटार पाणी ओढत असते. स्तंभावरचे इंग्रजी अक्षर उन्हात तिरपे उभे राहिले तर वाचता येते. देशी शिपायांची, बैल हाकणाऱ्यांची आणि पुलकेशीच्या माणसांची इथे काहीच खूण नाही. हे रणांगण मराठी पर्यटकांच्या यादीत नसते. ते असायला हवे.

पानिपतच्या सावलीतली वांदवासी

वांदवासीच्या किल्ल्याची पडकी भिंत आणि खंदक पाहायला अर्धा दिवस पुरे. २२ जानेवारी १७६० रोजी कूटने लालीला इथे हरवले आणि फ्रेंच सरदार बुसी कैद झाला. फ्रेंचांच्या बाजूने मुरारराव घोरपड्यांचे मराठी स्वार आलेले होते, पण ते लढाईत उतरले नाहीत. त्या आधी बारा दिवस, १० जानेवारीला, दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले होते. त्यानंतर बारा दिवसांनी, ३ फेब्रुवारीला, उदगीरची लढाई झाली. पुढच्या वर्षी १४ जानेवारीला पानिपत झाले आणि त्याच आठवड्यात पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती गेली. मराठीत पानिपतावर एवढे लिहिले गेले, पण हे दोन पट एकमेकांशेजारी ठेवून क्वचितच पाहिले जातात.

अर्काटला आता पालार नदीच्या काठी दिल्ली दरवाजा तेवढा शिल्लक आहे. १७५१ मध्ये इंग्रजांच्या क्लाइव्हने पन्नास दिवस इथला किल्ला धरला आणि मुराररावांचे सहा हजार स्वार त्याच्या मदतीला येणार ही बातमी पसरली, तेव्हा वेढा घालणाऱ्यांनी घाईने शेवटचा हल्ला केला. वाटेतल्या कावेरीपाकला संताजी घोरपड्यांनी डिसेंबर १६९२ मध्ये कांचीचा फौजदार अली मर्दानखान याला पकडून जिंजीला नेले होते. मुरारराव त्याच घोरपडे घराण्यातले.

साजरा, गोजरा आणि राजगिरी

वेल्लोरला मुक्काम करायचा तर आधी खोलीची खात्री करावी. ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या इस्पितळामुळे तिथले लॉज रुग्णांच्या नातेवाइकांनी भरलेले असतात. पाट्या बंगालीत, खोलीत गॅसची शेगडी, भाडे आठवड्याचे. हेही घरगुती लॉजच, पण त्यांचे गिऱ्हाईक वेगळे. चेन्नई सेंट्रलहून काटपाडीची गाडी दोन-सव्वादोन तासांत पोचते, तेव्हा जाऊन-येऊन करणे बरे. खंदकात पाणी असलेला इतका देखणा भुईकोट दक्षिणेत दुसरा नाही. शिवाजी महाराजांच्या फौजेने तो १६७७ मध्ये वेढला आणि चौदा महिने वेढा चालला. समोरच्या टेकड्यांवर मराठ्यांनी मोर्चासाठी दोन गढ्या बांधल्या, त्यांची नावे साजरा आणि गोजरा. परमुलखात, वेढ्याच्या धामधुमीत, कुणाला तरी ही लडिवाळ नावे सुचली.

जिंजी मात्र दिवसभराची. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग या तीन डोंगरांना एका तटाने जोडले आहे. १६८९ मध्ये राजाराम महाराज पन्हाळ्याहून वेश बदलून इथवर आले. सप्टेंबर १६९० मध्ये मोगल सरदार झुल्फिकारखानाने घातलेला वेढा १६९८ च्या आरंभी संपला. ही सात-साडेसात वर्षे मराठ्यांची राजधानी इथे होती. याच काळात, १६९० मध्ये, कडलूरजवळचा किल्ला इंग्रजांना विकला गेला. तोफेचा गोळा जाईल तिथवरची गावे कंपनीची, असा ठराव होता. मद्रास फ्रेंचांनी घेतल्यावर तरुण क्लाइव्ह वेश पालटून पळाला तो याच किल्ल्यात.

राजगिरीची चढण सुमारे अडीचशे मीटरची, पायऱ्या उंच, शेवटी खडकाची खोल भेग आणि तिच्यावरचा अरुंद पूल. तो काढला की बालेकिल्ला तुटतो. वेढा इतकी वर्षे का चालला याचे उत्तर त्या पुलावर उभे राहिल्यावर कळते. पाणी बरोबर न्यावे, पिशवी माकडांपासून सांभाळावी. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्ये म्हणून युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले आले. त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच. तेव्हापासून मराठी गट वाढले आहेत, पण बहुतेक जण दोन तासांत फोटो काढून पाँडिचेरीला निघतात. इतक्या लांब येऊन ही घाई पटत नाही.

कधी जावे

दिवाळीच्या सुटीत चेन्नईला जाणे टाळावे. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला पावसाळा. जुन्या लढायाही याच पावसाच्या तालावर चालत. मद्रासला बंदर नव्हते, जहाजे उघड्या समुद्रात नांगरलेली असत, म्हणून इंग्रजी आरमार ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत किनारा सोडून जाई. १७४६ च्या ऑक्टोबरात फ्रेंच आरमाराचा प्रमुख ला बुर्दोने थांबला आणि वादळात त्याची जहाजे मोडली.

जानेवारी-फेब्रुवारी सर्वांत चांगले. पाच रात्रींची खोली घ्यावी. भाषेची अडचण वाटली तर साहुकारपेठेत सोने-चांदी गाळणारी विटा-खानापूरकडची गलाई मंडळी भेटतात, ती तमिळ सराईत बोलतात. जिंजीची बस किलांबाक्कमच्या नव्या स्थानकातून सुटते आणि ते शहरापासून बरेच दूर आहे, म्हणून लॉजमधून पहाटे पाचला निघावे. दिवस ठरवताना पंचांग पाहावे. जिंजीवरून जाणारी बस पुढे तिरुवण्णामलैला जाते, आणि पौर्णिमेला अरुणाचलाच्या प्रदक्षिणेसाठी निघालेल्या भाविकांनी ती आधीच भरलेली असते.